झाडांच्या बुंध्याशी माती राहू द्या

आमच्या सोसायटीत नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवले, तेही बकुळीच्या बुंध्याला अगदी चिकटून. "आता चिखल नाही होणार, बाई," असे सेक्रेटरी कौतुकाने सांगत होते. गळलेली पाने रोज गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात, ते वेगळेच.

शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना मैदानाच्या कडेचे ढेकूळ फोडायला लावायची. आत केसांसारखी मुळे, गांडुळांची बिळे आणि तो ओला वास. हा वास मातीतल्या जिवाणूंचा असतो. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळीची. त्यात हवा-पाणी खेळते, कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. वरून सिमेंट ओतले की पाणी थेट गटारात जाते, मुळे गुदमरतात. मग पावसाळ्यात झाड पडले की दोष झाडाला!

मुंबईखालचा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, ६ कोटींहून अधिक वर्षांचा. तो झिजून इंचभर माती व्हायला शतके लागतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रानातली पाने कोणी झाडत नाही. बुरशी, वाळवी, गांडुळे ती कुजवून झाडांनाच परत देतात.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मुंबई महापालिकेने सोसायट्यांनाही हाच नियम लावून पाहावा. आमच्या बकुळीभोवतीचे ब्लॉक मी पहारीने काढणार आहे; सभेत विषय निघेलच.

— एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व)