काकी, तुम्ही आमच्या घराला काम दिलंत

प्रिय काकी,

हे सगळं तुम्हाला समोर बसूनही सांगता आलं असतं. पण तुम्ही कुणाला आभार मानू देत नाही. कुणी सुरुवात केली की लगेच पुढच्या रविवारची वाचनं कोण करणार ते विचारता. शिवाय तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आपल्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे उघड पत्र.

बाबा गेले तेव्हा घरी माणसांची रीघ लागली होती. महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, ती ओसरली. त्यात कुणाचा दोष नाही, प्रत्येकाला आपला संसार असतो. तुम्ही मात्र त्यानंतर आलात, १५ सप्टेंबरला, दुःखी मरियामातेच्या स्मरणदिनी. सकाळची मिस्सा आटोपून थेट आमच्याकडे. आईजवळ बसलात, तिचं सगळं ऐकून घेतलंत, आणि मग पिशवीतून एक चिठ्ठी काढून तिच्या हातात दिलीत. वर म्हणालात, "गुडघे चालत नाहीत म्हणून तुमची सुट्टी नाही हं. ऑक्टोबरपासून हे रहस्य तुमचं. रोज म्हणायचं. तुम्ही चुकलात तर आमची माळ अर्धवट राहील."

त्या दिवशी मला तुमचा थोडा रागच आला होता. आईला विश्रांती हवी असं मला वाटत होतं. पण तुम्हाला तिची खरी गरज कळली होती. सांत्वन तिला भरपूर मिळालं होतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे मात्र बाबा गेल्यापासून तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

जिवंत रोझरी हा प्रकार मला फक्त ऐकून माहीत होता. तो १८२६ साली फ्रान्समधल्या लिओं शहरात पोलीन जारिको या तरुणीने सुरू केला, हे तुमच्याकडूनच कळलं. रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना, आणि रहस्य म्हणजे ती म्हणताना मनात आणायचा येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग. तेव्हा ही रहस्यं पंधरा होती, म्हणून पंधरा जणांचा गट. प्रत्येकाने रोज एकच रहस्य म्हणायचं, म्हणजे दहा 'नमो मरिया'ची एक दशकडी, आणि सगळ्यांची मिळून रोज पूर्ण माळ व्हायची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, तेव्हापासून तुमचा गटही वीस जणांचा झाला. महिना संपला की पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा नवं रहस्य. गटातली बरीच माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत. काहींनी तर एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. तरी कोण आजारी आहे, कुणाच्या नातवाची परीक्षा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते तुम्ही घरोघर पोचवता.

आईच्या चिठ्ठीवर तुम्ही मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'आनंदाचं चौथं रहस्य. बाळ येशूचं मंदिरात समर्पण.' चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून दोन ओळींत चांगलं अंतर सोडलेलं. तिने ती चिठ्ठी उशीखाली ठेवली. तीन-चार दिवसांनी मला म्हणाली, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढ. मी वाचत गेलो, शिमोनापर्यंत आलो, आणि पुढे हन्ना आली. फार वृद्ध झालेली विधवा, मंदिर न सोडता रात्रंदिवस प्रार्थना करणारी. आईने मला थांबवलं आणि तेवढ्याच ओळी पुन्हा वाचायला लावल्या. रहस्य चिठ्ठ्या टाकूनच ठरतं, हे मला माहीत आहे. तरीही त्या महिन्यात तिला हन्ना भेटली याबद्दल मी देवाचे आभार मानतो, आणि ती चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बाईचेही.

ऑक्टोबरची घरोघरची रोझरी आपल्याकडे कितीतरी वर्षं चालू आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८८३ मध्ये जगभरच्या चर्चना ऑक्टोबरात रोझरी म्हणायला सांगितलं, तेव्हापासून हा महिना रोझरीचा झाला. ७ ऑक्टोबरचा रोझरी मातेचा सण त्याहून जुना, १५७१ च्या लेपांतोच्या, तुर्की आरमाराविरुद्धच्या लढाईनंतरचा. हे मोठे संदर्भ आपले फादर उपदेशात सांगतातच. मला लिहायचं आहे ते तुम्ही रोझरी ज्या रीतीने चालवता त्याबद्दल. तुम्ही घाई करत नाही. एक रहस्य संपलं की पुढच्याआधी शुभवर्तमानातल्या दोनच ओळी वाचता आणि गप्प बसता, मुलं चुळबुळायला लागली तरी. घरातल्या सर्वांत लहान मुलाला एक दशकडी सांगायला लावता. तो अडखळला तर त्याच्या जागी बोलत नाही, वाट बघता. आमच्या घरी पाळी आली त्या संध्याकाळी माझ्या मुलाने सातव्या मण्यावर गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर सगळ्यांनी निमूट त्याच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. असं कुणी कुणाला सांगून होत नाही. ते वळण तुम्ही लावलंत.

गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, हे माझ्या मुलाला आता तोंडपाठ आहे. मला अजून विचारावं लागतं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मिशन रविवारची तयारी तुम्ही करून घेतलीत, तिचाही उल्लेख करायलाच हवा. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी थाळी फिरते आणि आपण नोट टाकून मोकळे होतो. पोप पायस अकरावे यांनी १९२६ मध्ये हा दिवस सुरू केला तो एवढ्यासाठी नव्हता. तुम्ही मुलांना पुन्हा त्याच पोलीन जारिकोची गोष्ट सांगितलीत. लिओंमधल्या रेशीम कामगारांना तिने दहा-दहाच्या गटांत बांधलं. प्रत्येकाने आठवड्याला एक लहानसं नाणं द्यायचं आणि मिशनसाठी प्रार्थना करायची. त्यातून १८२२ मध्ये धर्मप्रसाराची संस्था उभी राहिली, आणि आज मिशन रविवारी जगभर जमणारा निधी तिच्याच मार्गाने गरजू धर्मप्रांतांपर्यंत पोचतो. एवढं काम करून ती बाई कर्जात बुडून, गरिबीत वारली. २०२२ मध्ये चर्चने तिला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मुलं ऐकत राहिली. माझ्या मुलाने घरी आल्यावर रिकामा डबा मागून घेतला आणि वर्गातल्या नऊ जणांना जमवलं. त्यांचा गट अजून चालू आहे, आठवड्याचं नाणं चुकत नाही. बाबा गेल्यापासून तो फार शांत झाला होता. त्या गटापासून पुन्हा बोलायला लागला.

आता नोव्हेंबरबद्दल. खरं तर या पत्राचं मूळ इथेच आहे.

मृतांच्या नावांची वही घेऊन तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी आलात. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे कापडाने शिवलेली. बाबांचं नाव मी पटकन सांगितलं, पण तुम्ही लिहिलं नाहीत. आईकडे वळून विचारलंत, "बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव काय?" मग ऱ्हस्व की दीर्घ तेही विचारून घेतलंत, शाईच्या पेनाने सावकाश लिहिलंत आणि तिला वाचून दाखवलंत. नंतर विचारलंत, "आणखी कुणी?" आईने तिचे आईवडील सांगितले, सासूसासरे सांगितले. तुम्ही वही मिटली नाहीत. पुन्हा तोच प्रश्न, "आणखी कुणी?" तेव्हा आईने एका शेजारणीचं नाव सांगितलं. माझ्या जन्माच्या वेळी ती आईच्या उशाशी होती, मागेपुढे कुणी नसलेली. मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. २ नोव्हेंबरच्या मिस्सेत बाबांच्या नावाबरोबर तेही मोठ्याने वाचलं गेलं.

त्याच्या आदल्या दिवशी, सकल संतांच्या सणाला, मी येणार नव्हतो. मृतांच्या दिवशी येईनच, असं तुम्हाला म्हणालो होतो. तुम्ही ठाम राहिलात: "आधी संतांचा सण. बाबा कुठे निघालेत ते आधी बघ, मग त्यांच्यासाठी प्रार्थना कर." क्लूनी मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास आपल्या मठांना मृतांसाठी २ नोव्हेंबर ठरवून दिला, तो मुद्दाम सकल संतांच्या सणाला लागून. हे वाचलं मी नंतर, त्याचा अर्थ मात्र तुमच्या त्या एका वाक्यात आधीच कळला होता. पहिल्या दिवशी फादरांची पांढरी वस्त्रं, दुसऱ्या दिवशी जांभळी. दोन्ही दिवस सलग अनुभवले आणि बाबांसाठी प्रार्थना करताना पहिल्यांदाच माझा आवाज फुटला नाही.

१ ते ८ नोव्हेंबरमध्ये दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर त्यांच्यासाठी पूर्ण पापदंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळवता येते, हे तुम्ही नीट समजावून सांगितलंत. पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली), मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारणं, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडलेलं मन, या तिच्या अटी. ही माफी स्वतःसाठी नाही, फक्त मृतांसाठी अर्पण करता येते. कितीतरी वर्षांनी मी पापनिवेदनाला बसलो तो बाबांसाठी म्हणून. माझ्यासाठी ते किती आवश्यक होतं हे बाहेर आल्यावर कळलं.

आणि दफनभूमीत तुम्ही मला भिंतीकडची ओळ दिलीत. ज्या कबरींवर कुणी येत नाही त्यांची तुमच्याकडे यादी आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. मऊ ब्रश आणि साधं पाणी वापरायचं. लोखंडी ब्रश अजिबात नको, त्याने दगडावरची अक्षरं झिजतात. शेवाळ आधी भिजू द्यायचं, मग वरून खाली हलक्या हाताने काढायचं. हे तुम्ही गुडघ्यावर बसून स्वतः करून दाखवलंत, या वयात. एका दगडावरचं नाव वर्षानुवर्षं दिसत नव्हतं. ते अक्षर अक्षर उघडं होत गेलं तसं तुम्ही उभ्या राहिलात, नाव वाचलंत, वहीत लिहून घेतलंत आणि त्या माणसासाठी प्रार्थना म्हटलीत. बाबांची कबर मी त्यानंतर साफ केली. त्याआधी आठवडाभर मला तिच्याजवळ जाववत नव्हतं. आधी अनोळखी माणसांचं करून झालं होतं, म्हणून जमलं.

तुमचं वर्षभराचं काम मोजायला बसलो तर पत्र संपणार नाही. गरिबांच्या जागतिक दिनाला आलेल्या पाहुण्यांना रांगेत उभं न करता टेबलावर बसवून वाढायचं हा तुमचा आग्रह. संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाला, २२ नोव्हेंबरला, गायकमंडळातल्या प्रत्येकाला दिलेलं तुमच्या हातचं पत्र. ख्रिस्तराजाच्या सणाच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत वेदीची सजावट. हे सगळं आम्ही पाहतो, काकी. बोललं जात नाही एवढंच.

मनापासून आभार. आईकडून, माझ्या मुलाकडून आणि माझ्याकडून.

भिंतीकडची ओळ पुढच्या वर्षीही माझ्याकडेच असू द्या. यादीत नवी नावं आली असतील तर कळवा. आईच्या जिवंत रोझरीच्या गटातली एक आजी नुकतीच देवाघरी गेली, त्यामुळे गौरवाचं दुसरं रहस्य सध्या मोकळं आहे. तोवर ते आई स्वतःच्या रहस्याबरोबर म्हणते आहे. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणाला ते घ्यायचं असेल तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आत काकींकडे नाव द्यावं. चिठ्ठ्या त्याच दिवशी मिस्सेनंतर निघणार आहेत.

तुमचा,
धर्मग्रामातलाच एक