प्रीती फुगत नाही

प्रिय बाळ सुमित,

प्रभूमध्ये सलाम.

आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत तू मैदानाच्या भाड्याचा हिशेब मागितलास, तेव्हा पंचांपैकी दोघे तुझ्यावर ओरडले. मीही पंच, तिथेच बसलेला. खाली मान घालून गप्प राहिलो. त्याला तीन महिने झाले आणि तेव्हापासून तू उपासनेला आला नाहीस. परवा फोनवर म्हणालास, "पप्पा, आठवडाभर भांडायचं आणि रविवारी प्रीतीचा अध्याय वाचायचा, मला नाही जमत." ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तो तेरावा अध्याय आपण लग्नात इतक्यांदा ऐकतो, की तो भांडणाऱ्या मंडळीला लिहिला होता हे विसरून जातो. इ.स. 54 च्या सुमारास ते लिहिणारा प्रेषित पौल इफिस शहरात होता. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी त्याला बातमी दिली, की करिंथात तट पडलेत: कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. प्रभुभोजनाला एकत्र जमून एक जण भुकेला राहायचा, दुसरा पिऊन मस्त व्हायचा. आता तू त्या पत्रात 'फुगणे' हा शब्द शोध. चौथ्या अध्यायात सापडेल, पाचव्यात सापडेल. आठव्यात तर 'ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते'. मूळ ग्रीकमध्येही शब्द एकच आहे. मग तेराव्यात पौल म्हणतो, प्रीती फुगत नाही. बोट कोणाकडे आहे, हे ऐकणाऱ्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रातही तेच. देवावर प्रीती करतो म्हणणारा जर बंधूचा द्वेष करील तर तो लबाड, असं लिहिणारा हाच माणूस मंडळीतून निघून गेलेल्यांना ख्रिस्तविरोधक म्हणतो. मला ते अजून पेलत नाही. फुटीची जखम तिथे ओली होती, एवढं दिसतं.

पण मला सांगायचंय ते आपल्या बायबलात नसलेल्या एका पत्राबद्दल. इ.स. 96 च्या सुमारास रोमच्या मंडळीने ते करिंथकरांनाच लिहिलं. क्लेमेंताचं पत्र म्हणून ते ओळखलं जातं, आत त्याचं नाव नाही. चाळीस वर्षांनी त्याच मंडळीत पुन्हा फूट! या वेळी तरुणांनी पुढाकार घेऊन मंडळीच्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, पदावरून काढलं होतं. रोमकर म्हणतात, पौलाचं पत्र हातात घ्या. तेव्हा निदान प्रेषितांच्या नावाने तट पडले होते, आता एकदोघांपायी सगळी मंडळी उठली आहे.

हे पत्र वडिलांच्या बाजूचं आहे, ही गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. काढलेल्यांचा काही दोष नव्हता असं ते म्हणतं. तरुणांची बाजू आपल्याला ऐकूच येत नाही, त्यांचं एकही पत्र उरलेलं नाही. म्हणून आमच्यातलं कोणी हे पत्र काढून तुला दटावू लागलं, तर ते ऐकून घेऊ नकोस.

पण त्याच्या चोपन्नाव्या अध्यायात एक जागा आहे, तिथे मी तीन रात्री अडकलो. तुमच्यात थोर मनाचा, प्रीतीने भरलेला कोण आहे? त्याने म्हणावं, माझ्यामुळे भांडण होत असेल तर मी निघतो, तुम्ही सांगाल तिथे जातो. फक्त ख्रिस्ताचा कळप शांतीने नांदू दे. आणि पुढच्याच अध्यायात ते लिहितात, की आमच्यातल्या कित्येकांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं आणि त्या पैशांतून दुसऱ्यांना जेवू घातलं. माझ्याकडून तर एक खुर्ची सुटत नव्हती.

तो सल्ला बंड करणाऱ्यांना होता हे मला माहीत आहे. मी तो स्वतःला घेतला. पंचपदाचा राजीनामा लिहून पाळकसाहेबांकडे दिला आहे. त्यात लिहिलंय, की हिशेब मागणं हा मंडळीतल्या प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो ही माझी चूक. हे सभेत वाचून दाखवा, अशी विनंतीही केली आहे.

दहा वर्षांच्या भाड्याच्या पावत्यांच्या नकला माझ्याकडे आहेत. तू आलास की दोघे बसून लावू. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. आई म्हणते, शनिवारीच ये.

तुझे,
पप्पा