अडीच मापं पीठ आणि घरामागची बाग

प्वांत-आ-पित्र, ग्वादलूप

प्रिय मित्रा,

कॅरिबियन समुद्रातल्या या फ्रेंच बेटावर, ग्वादलूपला आल्यावर गुलामगिरीच्या खुणा नेमक्या कुठे पाहायच्या, असं तू विचारलं आहेस. स्मारकांचं आधी सांगतो. बंदराच्या काठी 'मेमोरियाल आक्त' हे मोठं संग्रहालय 2015 मध्ये उघडलं. दार्बुसिए हा साखर कारखाना 1980 मध्ये बंद पडला, त्याच्याच जागेवर ते उभं आहे. त्याच्या काळ्या भिंतीवर स्फटिकाचे ठिपके विखुरलेले दिसतील. ते बळी गेलेल्या माणसांसाठी आहेत. आत निदान अर्धा दिवस हाताशी ठेव. उत्तरेला पेती-कनालच्या दगडी पायऱ्या पाहा. तिथे आफ्रिकेतल्या ज्या लोकांना पकडून आणलं त्यांच्या जमातींची नावं कोरली आहेत : इबो, योरुबा, वोलोफ, कोंगो. ज्वालामुखीच्या उतारावर मातुबा आहे. फ्रान्सने 1794 मध्ये उठवलेली गुलामगिरी नेपोलियनने परत लादायला सैन्य धाडलं, तेव्हा त्याविरुद्ध उठलेला लष्करी अधिकारी लुई देलग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी 28 मे 1802 रोजी तिथेच दारूगोळा पेटवून मरण पत्करलं.

हे सगळं पाहाच. पण माझं मत विचारशील तर इथली सगळ्यात बोलकी खूण ताटात आणि घरामागच्या बागेत आहे. तिथे तुला फक्त काय लादलं गेलं एवढंच दिसत नाही, माणसांनी त्यातून काय उभं केलं तेही दिसतं.

सुरुवात कायद्यापासून कर. मार्च 1685 च्या 'कोड न्वार'मध्ये, म्हणजे फ्रेंच वसाहतींतल्या गुलामांविषयीच्या कायद्यात, 60 कलमं आहेत. 44 वं कलम माणसाला जंगम मालमत्ता ठरवतं. महिनाभर पळून राहिलेल्याचे कान कापून खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची आणि तिसऱ्यांदा मृत्यू, असं 38 वं कलम सांगतं. लोक बहुधा हीच कलमं उद्धृत करतात. मला 22 वं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते रोजच्या जगण्याचं आहे. दहा वर्षांवरच्या प्रत्येक गुलामाला आठवड्याचा शिधा असा : कसाव्याचं पीठ अडीच मापं, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेचार लिटरच्या थोडं वर, नाहीतर अडीच-अडीच पौंडांच्या तीन भाकऱ्या, सोबत दोन पौंड खारवलेलं गोमांस किंवा तीन पौंड मासे. ऊस तोडणाऱ्या, रात्रभर चरकात कांड्या सारणाऱ्या माणसाला सात दिवस एवढंच.

तेही हातात पडत नसे. चांगल्या जमिनीत मालक ऊस लावत, अन्न बाहेरून येई, आणि युद्ध किंवा वादळ झालं की जहाजं थांबत. मग मालकांनी सोपी वाट काढली : शिध्याऐवजी शनिवारची सुट्टी आणि उसाला निरुपयोगी असा उतारावरचा तुकडा, त्यात पिकवा आणि खा. 24 व्या कलमाने याला चक्क मनाई केली होती. तरी प्रथा पडलीच, कारण त्यात मालकाचा खर्च वाचत होता. त्या तुकड्यातून इथली 'क्रिओल' बाग, म्हणजे घरामागची मिश्र पिकांची बाग, जन्माला आली.

ही बाग पाहायला शिकावं लागतं, नाहीतर नुसतं रान वाटतं. एकही सरळ ओळ नसते. वरच्या थरात नीरफणस, नारळ, अवाकाडो. त्याखाली केळी आणि तूर. हो, आपलीच तूर. आपल्याकडून आफ्रिकेत गेली आणि तिथून इथे आली. नाताळात तिचे ओले दाणे डुकराच्या मांसाबरोबर हटकून शिजतात. तूर जमिनीला नत्र देते आणि तिच्या सावलीत खालची रोपं तग धरतात. जमिनीलगत रताळी, लाल भोपळा, अळूचे गड्डे. उंचवट्यांवर याम, म्हणजे आपल्या कोनफळाचे भाऊबंद, काठ्यांवर चढवलेले. स्वयंपाकघराच्या दाराशी पातीचा कांदा, थाइम, मिरची, गवती चहा आणि औषधी झुडपं. सगळं एकदम पिकत नाही, हीच यातली अक्कल आहे. रताळी चार-पाच महिन्यांत निघतात, याम आठ-दहा महिन्यांनी, कसावा वर्षभर जमिनीतच राहू शकतो. वादळाने वरचं सगळं झोपवलं तरी कंद शाबूत राहतात. ज्यांना स्वतःच्या देहावर हक्क नव्हता त्यांनी आठवड्यातल्या एका दिवसात ही रचना बसवली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

कसाव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुला तो बनताना पाहता येईल. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा. इथे पिठासाठी त्याची कडू जात वापरतात आणि ती कच्ची विषारी असते. विष काढायची रीत या बेटाच्या मूळच्या कालिनागो लोकांची. फ्रेंचांनी 1635 पासून त्यांना हुसकायला सुरुवात केली, पण त्यांचं ज्ञान आफ्रिकन माणसांनी उचललं आणि टिकवलं. कंद काढल्यावर दोन-तीन दिवसांत वापरावा लागतो, नाहीतर आतून निळसर-काळ्या रेघा पडतात. सोलून, धुऊन तो बारीक किसतात. किसल्यानेच आतलं विष मोकळं होतं, म्हणून कीस जाडाभरडा राहिला तर पुढचं सगळं फसतं. मग तो पोत्यात भरून दाबाखाली ठेवतात. पूर्वी वेताची लांब विणलेली नळी असे. ती ताणली की आपोआप आवळून रस पिळून काढी. रसाच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं, त्याची बिस्किटं करतात आणि कपड्यांना खळही. पिळलेला गोळा फोडून चाळतात आणि रुंद लोखंडी तव्यावर मंद आचेवर सतत हलवत भाजतात. उरलेलं विष इथे वाफेबरोबर उडतं. आच मोठी झाली किंवा पिळायला कमी पडलं की सत्त्व चिकटून गुठळ्या होतात. साधारण चार किलो कंदांचं एक किलो पीठ होतं. कापेस्तेर-बेल-ओ गावात याच तव्यावर ओलसर पिठाची जाड भाकरी थापतात, मधे गोड खोबरं घालतात. गरम असतानाच खा; गार झाली की चिवट होते.

आता घरी करता येईल असा पदार्थ. त्याला 'फेरोस' म्हणतात. खारवलेला कॉड मासा 150 ग्रॅम, कसाव्याचं पीठ 100 ग्रॅम, एक मोठा पिकलेला अवाकाडो, एक लिंबू, दोन चमचे तेल, थोडी लसूण, पातीचा कांदा आणि इथली तिखटजाळ मिरची अगदी कणभर. मासा आदल्या रात्री भिजत घाल आणि निदान तीनदा पाणी बदल. याचा कंटाळा केलास तर खारटपणामुळे बाकी कशाचीच चव लागणार नाही. सकाळी दहा मिनिटं उकळून, काटे काढून, बोटांनी तंतू सोड. अवाकाडो लिंबू पिळून कुस्कर, मासा आणि मसाला घाल आणि पीठ सगळ्यात शेवटी, थोडं थोडं भुरभुरत. पीठ ओलावा भराभर शोषतं. एकदम ओतलंस तर गोळा दगडासारखा होतो. लाडू वळता येईल इतपत झालं की थांब. खाताना लक्षात ठेव : पीठ आणि मासा हा 22 व्या कलमातला शिधा आहे. अवाकाडो, मिरची, कांदा हे बागेतलं. कायद्यात जे नव्हतं ते माणसांनी स्वतः पिकवून त्यात घातलं.

ढोलाचंही तसंच. ग्वोका हे इथलं ढोलाचं संगीत; त्याचा ढोल, म्हणजे 'का', खारवलेलं मांस ज्या लाकडी पिंपांतून येई त्यांच्यापासून झाला. तोंडावर बकऱ्याचं कातडं, दोऱ्या आणि खुंट्या. दोन 'बुला' आडवे टाकून वादक त्यांवर बसतात आणि लय धरून ठेवतात. त्यांना बोकडाचं जाड कातडं. उभा असतो तो 'माके'. त्याला बकरीचं पातळ, म्हणून त्याचा आवाज चढा. हवा दमट झाली की कातडं सैलावतं आणि खुंट्या परत ठोकाव्या लागतात. मुख्य ताल सात : लेवोज, कालाज्या, वूले, ग्राज, तूम्ब्लाक, पाज्यांबेल, मेंदे. त्यातला ग्राज हा कसावा किसण्याच्या कामाशी जोडलेला. शुक्रवार-शनिवारी रात्री लेवोजची बैठक असेल तिथे नक्की जा. नर्तक एकेकटा रिंगणात येतो आणि माकेसमोर नाचतो. माके त्याच्या पावलांकडे बघून वाजवतो, उलट नाही. म्हणून त्या दोघांच्या मधून चुकूनही जाऊ नकोस. आणि कुठेही काही विचारण्याआधी 'बोंजू' म्हण. त्याशिवाय प्रश्न केलेला इथे उद्धटपणा समजतात.

1848 चं थोडक्यात. फ्रान्सचा मुक्तीचा हुकूम 27 एप्रिलचा, ग्वादलूपमध्ये अंमल 27 मे रोजी. सुमारे 87,000 माणसं मोकळी झाली. तोवर त्यांना एक नाव आणि नोंदवहीतला क्रमांक एवढीच ओळख होती. कारकुनांनी आडनावं वाटली आणि आज लोक त्या नोंदवह्यांत आपले पूर्वज शोधतात. पुढच्या वर्षी भरपाईचा कायदा झाला. ती मिळाली मालकांना, ग्वादलूपमध्ये माणशी साधारण 469 फ्रँक. मुक्त झालेल्यांना ना पैसा ना जमीन. भरपाईचा आठवा हिस्सा राखून वसाहतींच्या बँका उभारल्या गेल्या. लोक मळे सोडून डोंगरात आपापल्या बागांकडे निघाले, तेव्हा 1854 पासून करारावर भारतीय मजूर आणले गेले, पुष्कळसे पाँडिचेरी आणि कारैकालहून. इथल्या 'कोलोंबो' रश्श्यातले धने, हळद, मोहरी त्यांची. त्यांच्या वंशजांना फ्रेंच नागरिकाचे हक्क मिळावेत म्हणून कापेस्तेरच्याच हेन्री सिदांबारोम यांना 1904 ते 1923 लढावं लागलं.

आता जे लिहायचं ते लिहिताना राग येतो, पण ते तुला माहीत असायला हवं. केळीच्या गड्ड्यातल्या सोंडकिड्यासाठी 1972 ते 1993 या काळात इथे आणि मार्टिनिक या शेजारच्या फ्रेंच बेटावर क्लोर्देकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. अमेरिकेत त्याचा कारखाना 1975 मध्येच कामगारांना विषबाधा झाल्याने बंद पडला होता. मार्टिनिकच्या केळीमजुरांनी 1974 च्या संपात ते बंद करा म्हणून मागणी केली होती. फ्रान्सने बंदी घातली 1990 मध्ये, आणि बेटांना आणखी तीन वर्षांची सूट दिली. ज्वालामुखीच्या मातीत ते शतकानुशतकं टिकू शकतं, असा अंदाज आहे. आज दोन्ही बेटांवरच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश सापडतो. 2023 च्या जानेवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी कोणावरही खटला न भरता चौकशी मिटवली. आणि ते सर्वांत जास्त उतरतं कशात? मातीत वाढणाऱ्या कंदांत : याम, रताळी, अळूचे गड्डे. मळ्याने बागेला आधी वाईट जमीन दिली, आता तीच जमीन विषारी केली.

म्हणून काही गोष्टी पाळ. बास-तेर या बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात दक्षिणेकडचा उतार हा केळीचा पट्टा. तिथल्या रस्त्याकडेचे कंद घेताना माती तपासली आहे का ते सरळ विचार, कोणी वाईट मानत नाही. घरच्या बागांसाठी 'जाफा' या सरकारी कार्यक्रमातून माती फुकट तपासून मिळते. किलोभर मातीत 0.1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर सगळं पिकवता येतं. त्यापुढे कंद बंद. 1 मिलिग्रॅमच्या वर भोपळा-काकडीही नको. नीरफणस, केळी, टोमॅटो, तूर यांत ते जवळजवळ चढत नाही. कंद घेतलेच तर माती पूर्ण धुऊन साल जाड काढ, कारण ते सालीत आणि सालीलगत साठतं. पूर्वेकडच्या सपाट ग्रांद-तेरमध्ये मुख्यतः ऊस, तिथे धोका बराच कमी.

मे महिन्यात येणार असशील तर 27 तारीख धरूनच ये. त्या दिवशी सुट्टी असते, दुकानं बंद, पण गावोगावी ढोल असतात. कसाव्याचं पीठ मात्र आदल्या दिवशी घेऊन ठेव, आणि कोरडं बघून घे. मुठीत दाबून सोडल्यावर सुटं राहिलं पाहिजे.

तारखा ठरल्या की कळव.

तुझाच,
मित्र