पर्ल डायव्हरवाल्यांना घणसोलीतून थँक यू

नमस्कार मंडळी,

तुम्ही मला ओळखत नाही आणि ओळखायचं काही कारणही नाही. मी घणसोलीत घरीच ट्यूशन घेते, पाचवी ते सातवी, बहुतेक मराठी मीडियमची पोरं. तुम्ही तिकडे न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत मॅथ स्नॅक्स नावाचे गेम बनवलेत, तेही सगळ्यांना फुकट, त्याबद्दल हे पत्र, कधीचं लिहायचं राहिलंय.

आमच्याकडे दरवर्षीचं दुखणं एकच, अपूर्णांक. 1/4 मोठा की 1/5 विचारलं की अर्धा वर्ग ओरडतो 1/5, कारण 5 मोठा ना! रंगवलेले गोल दाखवा नाहीतर छेद समान करून घ्या, परीक्षेपुरतं जमतं आणि मग परत तेच. मग तुमचा पर्ल डायव्हर गेम लावला. संख्यारेषेवर बरोबर जागी सूर मारायचा, इल माशाला चुकवायचं आणि मोती काढायचा, बस एवढंच. पण जागा चुकली तर मोती नाही, त्यामुळे पोरं आपोआप भांडायला लागली की अरे हे अर्ध्याच्या अलीकडे येणार, पलीकडे कसं जाईल, आणि मला मधे पडायची गरजच नाही. 0 आणि 1 च्या मधे काही नसतं म्हणणारा एक जण परवा दुसऱ्याला सांगत होता, "ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन घुसवलं ना, तसं कुठेही घुसवता येतं." हे मी शिकवलेलं नाही हां.

बाजारात शैक्षणिक गेम म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा प्रश्नमंजुषाच असते, उत्तर दिलं की फुगे उडतात, म्हणजे गणित वेगळं आणि खेळ वेगळा. तुमच्यात तसं नाहीये, गणित काढलं तर गेमच उरत नाही. गणितवाले, शिक्षक आणि गेम बनवणारे एकत्र बसलात, बनवताना मुलांना लॅबमध्ये बोलावून त्यांचं मत घेतलंत, ते दिसतं. आणि ब्राउझरमध्ये गेम चालवणारं फ्लॅश सॉफ्टवेअर 2020 च्या शेवटी बंद पडलं तेव्हा किती चांगले गेम त्याच्याबरोबर गेले, तुमचे आजही माझ्या जुन्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चालतात, त्याचे वेगळे आभार.

तुमच्या दुसऱ्या, गोफरवाल्या गेमचं तर काय सांगू, गोफर म्हणजे तिकडचा बिळं करणारा प्राणी, आमची पोरं त्यांना सरळ घुशी म्हणतात. मोठ्ठं गाजर वाचवायला घुशींच्या वाटेवर खाऊ ठेवायचा आणि कुठे ते निर्देशकांनी ठरवायचं. निर्देशक भूमिती आमच्या बोर्डात नववीला येते, माझे सहावीवाले (3, 2) म्हणजे कुठे ते आत्ताच बोट ठेवून दाखवतात. इंग्रजी सूचना मी मराठीत सांगते, तेवढं चालतं.

तुम्ही मुलांचं मत घेता म्हणून आमच्यांचंही कळवते: इल भारी आहे, घुशी फार भराभर येतात, आणि गाजराच्या जागी एकदा हापूस ठेवून बघा.