अजून डॉक्टर न झालेल्या डॉक्टरीणबाईंना

प्रिय पोरी,

पत्रात नाव घालू नका, असं तू दोनदा बजावलंस, म्हणून घालत नाही. पण पत्र उघडंच लिहितेय. आमच्या तासगाव भागात बेदाणा नाही असं घर सापडायचं नाही, आणि दारात कुत्रं नाही अशी घरंही थोडीच. त्या सगळ्यांनी वाचावं.

त्या दिवशी मी ओट्यावर बेदाणे निवडत होते. शेडवरून घरी खायला म्हणून आणलेले, बरोबर एक किलो. फोन वाजला म्हणून आत गेले. परत येऊन बघते तर आमचा कुत्रा गुंड्या ताटात तोंड घालून उभा. मी हसले गं. रागावलेसुद्धा नाही. तुझ्या आजीला हाक मारली, "बघा, आमच्या राजेसाहेबांना सुकामेवा लागतो!" आजीच्या मागून तू आलीस, शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून सुट्टीला आलेली, केस विंचरत. कंगवा केसांत तसाच ठेवून तू तीन प्रश्न विचारलेस: किती खाल्ले, कधी खाल्ले, याचं वजन किती?

मला एकाचंही धड उत्तर देता येईना. तूच काढलंस. ताटात उरलेले काट्यावर घातलेस, साडेआठशे ग्रॅम भरले. मग गुंड्याला कडेवर घेऊन ह्यांना पेटी तोलायच्या काट्यावर उभं केलंस आणि त्यातून ह्यांचं वजन वजा केलंस. १८ किलो. "काकू, चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो ना? म्हणजे यानं अर्ध्या किलोच्या वर द्राक्षं खाल्लीत." तीस वर्षं बेदाणा करणाऱ्या घरात हा हिशोब तू घालावास!

ह्यांनी नेहमीचं सुरू केलं. आमची कुत्री बागेत पडलेले मणी खाऊनच वाढली, एकालाही काही झालं नाही वगैरे. तू भांडली नाहीस, हे मला फार आवडलं. म्हणालीस, "खरं असेल काका. एखाद्याला काहीच होत नाही. एखाद्याला आधी उलट्या होतात, आणि दोन-तीन दिवसांत किडनी बंद पडते. आपला कुठला, ते आधी कळत नाही."

असं का, ते गाडीत सांगितलंस. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं, की क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे ह्याच आम्लाचा क्षार, घालून घरी केलेली खेळायची माती खाल्लेल्या कुत्र्यालाही द्राक्षं खाल्ल्यासारखाच त्रास झाला. हे आम्ल आपण लघवीवाटे सहज टाकतो, कुत्र्याला ते जमत नाही. आणि त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे, मणी किती पिकलाय त्याप्रमाणे बदलतं, म्हणून एवढे चालतील असा आकडा कुणी देत नाही. तेच आम्ल चिंचेतही भरपूर. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण गुंड्याचं रात्रीचं जेवण म्हणजे चिंचगुळाच्या आमटीत कुस्करलेली चपाती.

पण त्याआधीचं राहिलं. दारात तोवर गर्दी जमली होती आणि प्रत्येकाकडे औषध होतं. एक म्हणाला ताक पाजा, दुसरा म्हणाला मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. मी मिठाची बरणी उचललीसुद्धा होती. तू हातातून काढून घेतलीस. उलटी झाली नाही तर ते मीठ अंगातच राहतं, रक्तातला सोडियम वाढतो आणि झटके येऊ शकतात, हे तू चार शब्दांत सांगितलंस आणि छोटा हत्ती टेम्पो काढायला लावलास.

सांगलीत दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन तास व्हायचे होते. उलटीचं औषध दिल्यावर जे बाहेर पडलं ते बघून ह्यांची मान खाली गेली. बेदाणे पोटात फुगून पुन्हा द्राक्षांएवढे झाले होते. पुढे दोन दिवस सलाईन, तीनदा रक्त तपासलं. क्रिएटिनिन हा शब्द मला पाठ झाला, किडनी बिघडली की रक्तात ते वाढतं. ते वाढलं नाही. त्या दोन्ही रात्री तू बाकड्यावर बसून काढल्यास आणि चहाचेसुद्धा पैसे देऊ दिले नाहीस.

घरी आल्यावर तू माझ्या स्वयंपाकघरात बसलीस, त्याचे आभार वेगळे. "हा रोज काय खातो, सगळं सांगा," म्हणालीस, आणि मी आरोपीसारखी सांगत गेले. आमटीतला कांदा-लसूण शिजवला तरी त्याचं विष जात नाही. तांबड्या पेशी फुटतात, आणि अशक्तपणा चार-पाच दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणाला कांदा आठवत नाही. लसूण तर कांद्याहून जहाल. रविवारची मटणाची नळी बंद, शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन आतडं फाडतं. आंब्याची कोय अडकते. नातवाचं चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. ह्यांच्या बिनसाखरेच्या गोळ्यांच्या वेष्टनावर तू झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, शोधत बसलीस. ते पोटात गेलं तर कुत्र्याची साखर अर्ध्या तासात कोसळते. आमच्या गोळ्यांत ते निघालं नाही, तरी डबा आता वरच आहे.

मी वैतागून विचारलं, मग बिचाऱ्यानं खायचं तरी काय? तू हसलीस. मोकळा भात, उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घातलेलं चिकन बिनहाडाचं, वाफवलेला लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं कलिंगड, भाकरीचा कोरडा तुकडा. आपल्या ताटातलं लाडाचं मात्र दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापुरतं. भोपळा त्याला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. आता कुकरची शिट्टी झाली की दारात येऊन बसतो.

एक गोष्ट मात्र बोलायची राहिली. एवढ्या सगळ्यात तू एकदाही "काकू, तुम्हाला कसं माहीत नाही?" असं म्हणाली नाहीस. ते मी स्वतःला पुष्कळ म्हणून घेतलं.

ह्यांनी शेडच्या दाराला खालून जाळी मारली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आता तेच बजावतात, "कुत्र्याला बेदाणा टाकायचा नाही," जणू शोध ह्यांनीच लावला. बोलू दे.

दिवाळीला येशील तेव्हा मागच्या दारानं ये. तुझ्यासाठी चांगला हिरवा बेदाणा काढून ठेवलाय, दोन किलो. फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात आहे, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. मला हात पुरत नाही, तुलाच काढावा लागेल.

तुझी,
गुंड्याची काकू