उएनोच्या बोन्साय प्रदर्शनाहून सुहासला पत्र

निशी-कासाई, टोकियो
फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी घरचं सगळं फोनवर बोलूच. हे पत्र मात्र फक्त झाडांचं. इथल्या उएनोचं कोकुफु-तेन, म्हणजे दरवर्षीचं मोठं बोन्साय प्रदर्शन, पाहून आलो आणि तिथे पावलोपावली तुझी आठवण झाली.

आधी तू विचारलेलं सांगतो. पहिलं प्रदर्शन मार्च १९३४ मध्ये भरलं, मग यंदाचं ९९वं कसं? तर युद्धाआधी ते वर्षातून दोनदा भरायचं, वसंतात आणि शरदात. युद्धाच्या शेवटी शेवटी बंद पडलं, १९४७ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि पुढे वर्षातून एकदाच होऊ लागलं. पहिलं भरलं तेही उएनो पार्कातल्या कलासंग्रहालयातच. त्यामागे नोरिओ कोबायाशी नावाचे गृहस्थ होते, बोन्सायचं मासिक चालवायचे. कुंडीतलं झाड चित्राच्या आणि शिल्पाच्या बरोबरीचं आहे, त्याला कलासंग्रहालयातच जागा मिळाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. तो त्यांनी तडीस नेला. मला हे फार मोठं वाटतं. माती, शेवाळ, ओल असलेली जिवंत वस्तू चित्रांच्या दालनात नेऊन ठेवायची, आणि तीही १९३४ साली!

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी म्हणजे इथे कडाक्याची थंडी. काएदे, मोमिजी (दोन्ही मेपलच्या जाती), केयाकी (झेल्कोवा) ही पानझडीची झाडं पार निष्पर्ण असतात आणि ती तशीच मांडतात. आपण प्रदर्शनाला झाड कधी नेतो? पालवी दाट असेल तेव्हा. चुकीच्या जागी फुटलेली फांदी, फांदी वळवायला बांधलेल्या तारेचा वळ, घाईत केलेली छाटणी, सगळं पानांआड जातं. इथे झाकायला एक पान नाही.

एका काएदेसमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मुळं पसरता पसरता एकमेकांत मिसळून गेलेली, खोडाच्या पायाशी जणू सलग चौथराच झालेला. असली नेबारी (मातीवर दिसणारा मुळांचा पसारा) आपण फोटोतच पाहिलेली. तिथून खोड वर जाताना दर फांदीपाशी जरा जरा बारीक होत जातं, कुठेही एकदम कापल्यासारखं दिसत नाही. एका बाजूनं वाकून पाहिलं तेव्हा एक जुनी जखम सापडली. चहूबाजूंनी साल येऊन ती जवळजवळ मिटली होती, मध्ये फक्त एक चीर उरलेली. एवढी मोठी जखम मिटायला किती वर्षं लागतात ते तुला वेगळं सांगायला नको. आणि शेंड्याकडच्या काड्या! एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा फुटत फुटत इतक्या बारीक झालेल्या की नजर ठरत नाही. दर वसंतात पहिली पानं उघडताच मधला कोंब चिमट्यानं खुडायचा, पाणी आणि खत हात राखून द्यायचं, नाहीतर पेरं लांबतात. एक वर्ष कंटाळा केला की तो पुढची कितीतरी वर्षं दिसत राहतो. म्हणून सांगतो, तुझ्या गच्चीवरच्या उंबराची पानं यंदा चैत्रात एकदा सगळी काढ आणि नुसत्या फांद्यांचा फोटो पाठव. त्यावरून कुठे काय छाटायचं ते बोलू.

सदाहरित झाडांमध्ये गोयोमात्सू (पांढरे पाइन) आणि काळे पाइन भरपूर होते, पण माझा जीव अडकला तो शिम्पाकू या ज्युनिपरमध्ये. अर्ध्याहून जास्त खोड मेलेलं, पांढरंफटक, पिळवटलेलं. त्याला बिलगून लाल-तपकिरी सालीची एकच जिवंत शीर वर चढते आणि सगळ्या हिरव्या शेंड्याला तीच पोसते. जिन (सोललेली मेलेली फांदी) आणि शारी (सोललेलं मेलेलं खोड) करताना आपण मेलेल्या लाकडाकडेच लक्ष देतो. खरी कमाई त्या शिरेची आहे.

मांडणी अगदी मोकळी. प्रत्येक झाडाला लाकडी चौरंग, शेजारी एखादी छोटी गवताची किंवा रानफुलांची कुंडी, मध्ये भरपूर मोकळी जागा. तळहातावर मावणारी शोहिन झाडं वेगळ्या फळ्यांच्या मांडणीवर. उमे (जपानी जर्दाळूची झाडं) मात्र फुललेली होती.

एक गोष्ट मला खटकली. पाटीवर झाडाची जात आणि मालकाचं नाव असतं. मोजक्याच झाडांना मिळणारं कोकुफु पारितोषिकही मालकाच्याच नावावर. पण पुष्कळशी झाडं वर्षभर व्यावसायिक बोन्साय कारागिरांच्या बागेत असतात. तार तेच बांधतात, कुंडी तेच बदलतात, प्रदर्शनाआधी टूथब्रशनं खोड घासून शेवाळ लावणारेही तेच. माझं स्पष्ट मत आहे, त्यांचं नाव मालकाच्या नावाशेजारी यायला हवं. आधीच्या पिढ्यांतल्या ज्यांनी त्या फांद्या घडवल्या त्यांची नावं तर आता कुणालाच सापडणार नाहीत, निदान आजच्यांची तरी राहावीत.

उएनोतल्याच शिनोबाझू तळ्याजवळच्या ग्रीन क्लब या बोन्सायवाल्यांच्या जागेत याच दिवसांत विक्री असते. कुंड्या, तांब्याची तार, कात्र्या, झाडं. तुझ्यासाठी अंतर्वक्र कटर (फांदी खोलगट कापणारा) घेतलाय, हाताला छान बसतो.

पुढच्या वर्षी शंभरावं प्रदर्शन. तू यायचंच. ते दोन भागांत असतं. पहिल्या भागानंतर एक दिवस दालन बंद ठेवून सगळीच्या सगळी झाडं बदलतात, म्हणजे एकच भाग पाहिलास तर निम्मं राहून जाईल. सलग दहा दिवसांची रजा काढ. मधल्या दिवसांत टोकियोजवळच्या ओमियाला जाऊ. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले मोकळी जागा आणि चांगली माती शोधत तिकडे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी बोन्साय गाव वसवलं. आता बागा बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, पण २०१० पासून तिथे खास बोन्सायचं संग्रहालय आहे. आमच्या एदोगावा भागातली शुनकाएन ही बोन्सायची बागही पाहू, ती तर घरापासून जवळच. राहायचा प्रश्नच नाही. लोकरीचे मोजे तेवढे आण. आणि रोप, बी, माती असलं काही सामानात घालू नकोस, विमानतळावर अडवतील. तारखा जाहीर झाल्या की लगेच कळवतो, तोवर पासपोर्टची मुदत बघून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव