लेक्चर होऊन गेल्यावर फोटो छापून काय उपयोग?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर अधूनमधून एक फोटो येतो, स्टेजवर पाच-सहा जण उभे, बाजूला समई, पाहुण्यांच्या हातात कुंडीतलं रोप (हल्ली बुके देत नाहीत, पर्यावरणाचा विषय ना), आणि खाली दोन ओळी की अमुक कॉलेजात अपारंपरिक ऊर्जा या विषयावर व्याख्यान उत्साहात पार पडलं. मी दर वेळी वाचते आणि चिडते. उत्साहात पार पडलं ते ठीक आहे हो, पण पार पडायच्या आधी सांगितलं असतं तर आम्हीही आलो असतो की!

आता परत सीझन येतोय म्हणून हे पत्र. 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन, मग 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, या तीन महिन्यांत मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या युनिव्हर्सिटी आणि कॉलेजं धडाधड लेक्चर आणि वेबिनार लावतात, मग परीक्षा सुरू होतात आणि सगळं गप्प, ते थेट 5 जूनला पर्यावरण दिनाचं झाड लावायला बाहेर येतात. विषय बघाल तर एकसे एक असतात, सोलर, बॅटरी, हायड्रोजन, हवेचं प्रदूषण, खाडी, कचऱ्यातून वीज. आणि बोलणारी माणसं खरंच त्यात काम करणारी असतात, व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड करणारी नाही. पण पत्ता लागतो कुठून, तर मुलाच्या मित्राने इन्स्टावर स्टोरी टाकली, ती पण आदल्या रात्री, आणि वेळ दुपारी तीनची.

ही लेक्चरं आम्हाला का हवीत ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रिटायर बाईला वेळ जात नाही.

मी राहते कोपरखैरण्यात. ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे एमआयडीसी, तिच्या मागे पारसिकचा डोंगर, आमच्या या बाजूला खाडी. थंडी पडायला लागली की रात्री अकरानंतर जो वास येतो तो इथल्या, घणसोलीच्या, वाशीच्या माणसाला वेगळा सांगायला नको, कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा, खिडक्या लावून घ्यायच्या आणि पंखा पाचवर. आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत की कंपन्या दिवसभर दाबून ठेवतात आणि रात्री सगळे झोपले की सोडतात. गेल्या हिवाळ्यात योगायोगाने एका वेबिनारला बसायला मिळालं, हवा प्रदूषणावर रिसर्च करणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितली नव्हती. दिवसा जमीन तापते, वरची-खालची हवा ढवळली जाते, धूर वर जाऊन पातळ होतो आणि वारा समुद्राकडून डोंगराकडे वाहतो. रात्री उलटं, जमीन पटकन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार आणि वरची त्यामानाने गरम, त्यामुळे पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं, खालचं वर जात नाही, आणि वाराही फिरतो, जमिनीकडून पाण्याकडे. म्हणजे आमच्या बाबतीत एमआयडीसीकडून थेट आमच्या बेडरूममध्ये. सकाळी ऊन पडलं की झाकण उघडतं आणि नऊ वाजता तक्रार बघायला माणूस येईपर्यंत वास गायब!

आता याचा अर्थ कोणी रात्री काही सोडतच नाही असा नाही, मॅडमनीही तसं म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पण निदान एवढं कळलं की तक्रार कशी लिहायची. आधी आम्ही लिहायचो, खूप वास येतो, जीव गुदमरतो, कृपया कारवाई करावी. आता सोसायटीच्या ग्रुपवर वेळ लिहितो, कुठल्या बिल्डिंगला कुठल्या बाजूने आला ते लिहितो, वारा कुठून होता ते लिहितो (गच्चीवर ओढणी धरून बघतात, हसू नका, चालतं). त्या नोंदींचा पुढे किती उपयोग होतो तो वेगळा विषय, पण समोरचा माणूस आता नुसतं 'बघतो' म्हणून फोन ठेवत नाही. आणि आणखी एक, मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा, हिरवा दिसला की आम्ही समजायचो सगळं छान आहे, तर तो आकडा मुख्यतः धुळीचे कण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड अशा ठराविक प्रदूषकांवरून काढतात, केमिकलचा जो वास येतोय तो त्यात दिसेलच असं नाही. आपल्याकडे पीएम 2.5 साठी, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी, 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 पासून 15 सांगितलीय, हेही तिथेच कळलं.

दुसरं सोलरचं. छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आल्यापासून प्रत्येक सोसायटीत सोलरवाल्यांचे फोन चालू आहेत. स्वतंत्र घराला 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठं बसवलं तर 78,000 रुपये सबसिडी, सोसायटीला कॉमन वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॉटला 18,000, इथपर्यंत सगळे तोंडपाठ सांगतात. एका कंपनीचा माणूस आमच्याकडे रंगीत फाइल घेऊन आला, गच्चीच्या चित्रावर पाण्याच्या टाकीला चिकटून पॅनल काढलेले, बिल झिरो म्हणाला. मग एका कॉलेजच्या वेबिनारमध्ये आमच्या खजिनदारांनी चॅटमध्ये तेच चित्र वर्णन करून विचारलं, तर सरांनी स्क्रीनवर पॅनलची ओळ काढून दाखवली, की पॅनल आणि त्यांच्यातले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एका पॅनलवर टाकीची सावली पडली तर फटका त्या एकट्यालाच बसेल असं नाही, अख्ख्या ओळीचं आउटपुट खाली येऊ शकतं, सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारा डायोड असतो तो थोडं सांभाळतो पण सगळं नाही. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा धरा, दिवसाला सरासरी चार युनिट धरा, पावसाळ्यात त्याहून कमी, आणि ऊन जास्त म्हणजे वीज जास्त हे पण पूर्ण खरं नाही, पॅनल तापलं की त्याची ताकद उतरते. धूळ आणि कबुतरं वेगळीच. दहा मिनिटांचं उत्तर, पण आमची लेआउट बदलली. त्या कंपनीच्या माणसाला सावलीचं विचारलं तर तो म्हणाला मॅडम तुम्ही टेक्निकल बॅकग्राउंडच्या का? नाही बाबा, मी बँकेत होते.

पण ही दोन्ही वेबिनार आम्हाला मिळाली ती वशिल्याने म्हणा ना. एकाला भाचीने लिंक दिली, दुसऱ्याला रजिस्ट्रेशन करताना फॉर्ममध्ये 'संस्थेचं नाव' आणि 'पदनाम' भरल्याशिवाय पुढेच जाईना. काय लिहायचं तिथे? मी सोसायटीचं नाव टाकलं आणि पदनाम सभासद. नशीब कोणी बघत नाही. एकदा तर प्रत्यक्ष लेक्चरला गेले एका कॅम्पसवर, गेटवर वॉचमन विचारतो कोणाकडे जायचंय, म्हटलं लेक्चरला, तर म्हणे ॲडमिशन झालंय का. साठीच्या बाईला!

आणि आत काय परिस्थिती असते तेही सांगते. ऑनलाइन असेल तर पोरं सर्टिफिकेटसाठी बसलेली असतात, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि शेवटाकडे चॅटमध्ये फीडबॅक फॉर्मची लिंक पडली रे पडली की पार्टिसिपंटचा आकडा असा घसरतो की बोलणाऱ्या पाहुण्यांची कीव येते. मुलांना दोष देत नाही, त्यांना क्रेडिट लागतं, कॉलेजला रिपोर्टमध्ये दाखवायला कार्यक्रम लागतो. पण ज्यांना खरंच प्रश्न विचारायचेत, ज्यांच्या गच्चीवर टाकी आहे आणि ज्यांच्या खिडकीत वास येतो, ते बाहेर. पहिली वीस मिनिटं तर प्राचार्य, विभागप्रमुख, समन्वयक यांची ओळख आणि आभार यातच जातात आणि शेवटी म्हणतात वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ. उलटं करा ना, ओळख एकाची करा आणि प्रश्न वीस मिनिटं घ्या. मराठीत विचारला तरी चालेल एवढं पोस्टरवर लिहिलंत तर आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक तोंड उघडतील.

लोक येत नाहीत हे कारण मला सांगू नका. ठाण्यात जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला लोक शाली-स्वेटर घालून येऊन बसतात, कारण कोण कधी बोलणार हे आधी पेपरात येतं. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची व्याख्यानं तर सर्वसामान्य माणसासाठीच असायची. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून हेच काम करतेय. म्हणजे ऐकणारा माणूस आहे हो, त्याला तारीख मिळत नाही एवढंच.

तर विनंती साधी आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, पुढच्या आठवड्यातली ऊर्जा आणि पर्यावरणावरची लेक्चरं आणि वेबिनार एका चौकटीत छापा. विषय, कोण बोलणार, कुठे, किती वाजता, बाहेरच्यांना प्रवेश आहे का, पैसे आहेत का, बस. लिंक मात्र अख्खी छापू नका, ती अगम्य अक्षरांची माळ चष्मा लावूनही टाइप होत नाही, क्यूआर कोड द्या. आणि जिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही तिथे तसं स्पष्ट लिहा, म्हणजे रिक्षाचे पैसे वाचतील. पवईच्या आयआयटीत ऊर्जा विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, सोलर पॅनलवर काम करणारं राष्ट्रीय केंद्र 2010 पासून तिथे आहे, माटुंग्याला आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र ठाण्यात बाळकुमला आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, म्हणजे तुमच्या वार्ताहराला फार लांब जायला नको, एक मेल आयडी जाहीर करा, कॉलेजंच पाठवतील, त्यांनाही नाव छापून आलेलं हवंच असतं.

कॉलेजवाल्यांना पण तुमच्यामार्फत सांगते, जगाचं तापमान, पॅरिस करार, सगळं घ्या, पण एखादं लेक्चर आमच्या पायाखालचंही ठेवा. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल थांबल्या, ते बिघडलं होतं कळवा-पडघा लाइनवर, म्हणजे आमच्या शेजारी. राज्याच्या विजेचा मिनिटामिनिटाचा ताळमेळ ठेवणारं लोड डिस्पॅच सेंटर ऐरोलीत आहे आणि ऐरोलीतल्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नसेल. ते काम कसं चालतं, दुपारी सोलर भरपूर आणि संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचे एसी सुरू तेव्हा काय करतात, यावर कोणी बोललं तर हॉल भरेल, लिहून देते. ठाणे खाडी 2022 साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, महाराष्ट्रातलं तिसरं, तेव्हा फ्लेमिंगोचे फोटो खूप आले, पण त्या दर्जाने खाडीकाठच्या भरावावर नेमकं काय बंधन येतं हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. आणि महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यात जी डेटा सेंटर उभी राहिली आणि राहतायत, त्यांना चोवीस तास वीज लागते, गार ठेवायला आणखी वीज लागते, काहींना पाणीही लागतं. किती, कुठून, आणि आमच्या फीडरवर, म्हणजे आमच्या भागाला वीज आणणाऱ्या लाइनवर, त्याचा काय परिणाम, हा विषय कोणी घेणार असेल तर तारीख आधी कळवा, आमच्या सोसायटीतून एक टेम्पो ट्रॅव्हलर नक्की.

जागेचं कारण असेल तर पहिल्या पानावरची जी पूर्ण पानभर फ्लॅटची जाहिरात असते तिच्याखाली दोन इंच पुरतील. राशिभविष्याला हात लावू नका, त्यावरून घरात भांडणं होतील. 14 डिसेंबरच्या आधीच्या रविवारी पहिली चौकट आली तर बरं.

आपली,
एक नियमित वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई